मिनिटाला सदतीस

बाजारहत्नूर
२४ ऑक्टोबर १९७९

तीर्थरूप भाऊजी,

वाकून नमस्कार. मी एवढी वाकले म्हणजे काहीतरी काम आहे, हे तुम्ही ओळखलंच असेल.

चारुलताच्या लग्नाला पाच आठवडे राहिले. ताईने लिहिलंय, "वनमाला, तू आल्याशिवाय मी रुखवत मांडणार नाही." मी यायला एका पायावर तयार आहे. पण मुलीची मावशी आली आणि काका कुठे राहिले, असं मांडवात शंभर जण विचारतील, त्यांना काय सांगू? आमच्या घरचं तुम्हाला ठाऊक आहे. बाबांच्या वर्षश्राद्धाच्या भजनात तुम्ही मृदंग थांबवलात आणि टाळ धरलेल्या ह्यांना सगळ्यांदेखत म्हणालात, "यशवंतराव, मागे कुत्रं लागलंय का?" तेवढ्यावर थांबला असतात तरी निभावलं असतं. पण तुम्ही पुढे म्हणालात, "ज्याच्या हातात लय नाही, त्याच्या हातात मामंजींची गाडी काय चालणार!"

तेव्हापासून हे एकच धरून बसलेत. "साडूच्या दारात जाईन तं मामंजींची फियाट सोता चालवत नेईन. नाई तं जाणार नाई." दोन वर्षं झाली. दोन वर्षांत मी ताईला एकदाच भेटले, तेही बसस्टँडवर, तीन मिनिटं.

आता बाबांनी ह्यांना दिलेल्या त्या गाडीचं दुखणं ऐका. सुरू होते. पण रेसवरून पाय काढला की मान टाकते. म्हैस आडवी आली, बंद. सरपंचांना रामराम करायला थांबलं, बंद. मग हँडल मारा. चढावर तर तिला अजिबात दम नाही.

हे तिला हात लावत नाहीत. पण आमच्या शाळेचा शिपाई डोमाजी हाताचा हुशार आहे. तुम्ही तीस वर्षं मोटारींच्या कारखान्यात फोरमन होतात. काय काय करायचं ते साध्या भाषेत लिहून पाठवा. मी वाचून दाखवीन, तो करील. सल्ला तुमचा आहे हे मात्र ह्यांना कळता कामा नये. कळलं तर ते त्या गाडीला कडबा घालतील, पण पेट्रोल घालणार नाहीत.

उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठवा. ताईला सांगू नका, तिच्या पोटात काही राहत नाही.

तुमची मेहुणी,
वनमाला


आदिलाबाद
२९ ऑक्टोबर १९७९

चि. वनमाला,

तुझं पत्र वाचून मला दोन वर्षांत पहिल्यांदा बरं वाटलं. अखेर त्या गाडीला जाणता माणूस आठवला म्हणायचा! फियाट अकराशे म्हणजे बैलगाडी नव्हे, हे मी मामंजींना तेव्हाच सांगितलं होतं. असो. झालेलं उकरून काढण्याचा माझा स्वभाव नाही.

डोमाजीला सांग, आधी इंजिन चांगलं गरम करायचं. थंड इंजिन आणि उपाशी पाहुणा, दोघांचंही म्हणणं मनावर घेऊ नये. मग कार्बोरेटरकडे बघायचं. तिथे दोन स्क्रू आहेत. लहान आहे तो पेट्रोल आणि हवेच्या मिश्रणाचा. तो हलक्या हाताने पूर्ण बंद करायचा, आवळायचा नाही, आणि दीड फेरा उघडायचा. गाडी सुरू करून तो पाव-पाव फेरा इकडेतिकडे फिरवायचा. जिथे इंजिन सगळ्यात मोकळं, गुळगुळीत चालेल तिथे सोडायचा. दुसरा स्क्रू गाडी नुसती उभी असताना इंजिन किती वेगाने फिरेल त्याचा.

आता तो वेग किती हवा? कारखान्यात मोजायला यंत्र होतं. बाजारहत्नूरला ते कुठून येणार? पण माझी एक युक्ती आहे, ती मी कोणाला सांगत नाही. गाडी बंद असताना चौथ्या प्लगची वायर काढून ठेवायची आणि मग सुरू करायची. तीन पायांवर इंजिन लंगडतं. ते लंगडणं कानाने धरायचं. प्रत्येक लंगडीवर केरवा तालाचं एक अक्षर पडलं पाहिजे, धा गे ना ती न क धी न. भजनाला सुरुवातीला जो संथ ठेका असतो, तो. तसं जुळेपर्यंत वेगाचा स्क्रू फिरवायचा. मग गाडी बंद करून वायर लावायची. इंजिन थोडं चढेल, तेवढं पाव फेरा उतरवायचं.

हे झाल्यावरच टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडायची ते. माझा टायमिंगचा दिवा बसच्या कंडक्टरबरोबर पाठवतोय, जपून वापरा. त्याची वायर पहिल्या प्लगला लावायची आणि उजेड पुलीवर टाकायचा. फिरत्या पुलीवरची खूण जागच्या जागी उभी दिसेल. प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचा बोल्ट सैल करून तो केसभर फिरवायचा. पुलीची खूण समोरच्या खुणेला भिडली की बोल्ट आवळायचा. गाडी गोठ्यात घ्या, उन्हात त्या दिव्याचं काही दिसत नाही.

डोमाजीला केरवा येतो ना? येत नसेल तर दुसऱ्या कोणाला बसव. फक्त एका माणसाला बसवू नकोस. नाव लिहीत नाही.

तुझा,
चिंतामणी


बाजारहत्नूर
६ नोव्हेंबर १९७९

तीर्थरूप भाऊजी,

नमस्कार. दिवा पोचला. तुम्ही सांगितलंत ते सगळं रविवारी दुपारी केलं. दोन्ही बैल बाहेर बांधले, गाडी गोठ्यात घेतली, वरून घोंगडं धरलं. मी तुमचं पत्र वाचत होते आणि डोमाजी बॉनेटखाली होता. मिश्रणाचा स्क्रू पहिल्याच झटक्यात जमला. वायर काढल्यावर गाडी खरंच लंगडायला लागली. डोमाजीने फेंडरवर बोटांनी ठेका धरला. मग दिवा लावला आणि पुलीवरची खूण खरंच उभी राहिली. मला तर जादू वाटली. डोमाजीनेही हात जोडले आणि म्हणाला, "मामंजी, तुमची गाडी बोलून राह्यली!"

गाडी आता बंद पडत नाही. उभी असली तरी खणखणीत चालते. सरपंचांना रामराम झाला, त्यांच्या बायकोची चौकशी झाली, तरी चालूच!

पण भाऊजी, इच्चोड्याच्या वाटेवर पहिला चढ लागला आणि सगळं मुसळ केरात. गाडी ओढेचना. दुसऱ्या गिअरमध्येही कुंथत होती. कापसाची एक गाडी मागून आली, बाजूने पुढे गेली आणि गाडीवान वळून म्हणाला, "बाई, दोर बांधू का?" मग बॉनेटमधून वाफ. तासभर आम्ही दगडावर बसून होतो.

काय चुकलं असेल? पत्रातला एक शब्द मी गाळला नव्हता. लग्नाला तीन आठवडे उरलेत. लवकर कळवा.

वनमाला


आदिलाबाद
१० नोव्हेंबर १९७९

चि. वनमाला,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं आणि चारही वेळा तुझी बहीण स्वयंपाकघरातून विचारत होती, "एकटेच काय हसता?"

तुमच्या शाळेचा शिपाई माझ्या सासऱ्यांना "मामंजी" म्हणतो? मला कळू दे तरी, माझ्या सासऱ्यांना मुली किती होत्या? मास्तरीणबाई, खोटं लिहावं तर सावध राहून लिहावं. बॉनेटखाली डोकं घालून कोण उभं होतं ते मला कळलंय. आणि गाडी का उकळली तेही कळलंय.

मी लिहिलं होतं, संथ ठेका. साडूंनी धरला बाजारहत्नूरचा पळता ठेका! त्या वेगाने लंगडी जुळवली म्हणजे इंजिन उभ्या जागी पळत होतं. डिस्ट्रिब्यूटरच्या पोटात दोन वजनं असतात. इंजिन जोरात फिरलं की ती फाकतात आणि ठिणगी आपोआप लवकर पाडतात. ती फाकलेली असताना तुम्ही दिवा लावलात आणि खुणा जुळवल्यात. म्हणजे ती मिटल्यावर ठिणगी खरी कुठे पडली? उशिरा. चढावर प्रत्येक वेळी उशिरा. मग दम कुठला, आणि पाणी उकळणार नाही तर काय होईल?

मी दोन वर्षांपूर्वी भजनात जे बोललो, त्याची आता इंजिनानेच साक्ष दिली. मी वैर धरणारा माणूस नाही. यशवंतरावांनी एका कार्डावर दोनच शब्द लिहावेत, "ठेका चुकला", आणि खाली सही करावी. कार्ड मिळालं की त्याच दिवशी पुढची युक्ती लिहितो.

चिंतामणी


बाजारहत्नूर
१४ नोव्हेंबर १९७९

भाऊजी,

आज नमस्कार नाही.

हो, बॉनेटखाली हेच होते. डोमाजीला स्कूटरची किल्ली कुठे लावतात हेही ठाऊक नाही. तुम्हाला मी डोमाजीचं नाव सांगितलं आणि ह्यांना सांगितलं की सल्ला निर्मळच्या एका मिस्त्रीचा आहे. दोघांशी खोटं बोलले, कारण खरं बोलून दोन वर्षं पाहिली होती. काल मी ह्यांच्यासमोर तुमचं पत्र ठेवलं. ह्यांनी ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "मंग नाई जात. तू जा बसनं." एवढंच. चिडलेसुद्धा नाहीत. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

भाऊजी, चारुलताला मी न्हाऊमाखू घातलंय. ताई बाळंतपणात दीड महिना उठली नव्हती, तेव्हा ती माझ्या मांडीवर होती. तिला हळद लावायला मी एकटी बसने येणार आणि मांडवात खोटी कारणं सांगत फिरणार. हे सगळं तुम्हाला एका कार्डासाठी हवंय का?

आता दुसरी गोष्ट. तुम्ही ज्या ठेक्यावर इंजिन जुळवायला सांगता, तो ठेका कधी घड्याळावर मोजलाय? मी मोजून घेतलाय. ताईच्या पोटात काही राहत नाही हे मी तुम्हाला लिहिलं, तेही खोटंच होतं. माझं पहिलं पत्र तुमच्या हाती पडण्याआधीच तिला सगळं ठाऊक होतं. गेल्या गुरुवारच्या भजनात ती खांबामागे बाबांचं मनगटी घड्याळ घेऊन बसली होती. तिचं कार्ड सोबत जोडलंय. तुमच्याच घरातलं आहे, ओळखीचं अक्षर सापडेल.

"वनू, मोजलं. ह्यांचा केरवा सुरुवातीला मिनिटाला सदतीस वेळा फिरतो. पंधरा मिनिटांनी चव्वेचाळीस. शेवटी बावन्न, आणि ह्यांना वाटतं अजून सदतीसच चाललाय. कुसुम."

आमच्या ह्यांचाही मी मोजला, त्यांना न सांगता. पंचावन्न. सुरुवातीला पंचावन्न, शेवटी पंचावन्न. तुमच्यापेक्षा वेगाचा आहे हे मला मान्य आहे. पण तो जागचा हलत नाही.

तेव्हा त्या दिवशी भजनात कुणाच्या मागे कुत्रं लागलं होतं ते तुम्हीच ठरवा. तुमच्या युक्तीची आता गरज नाही. आकडा मिळालाय, घड्याळ माझ्याकडेही आहे.

वनमाला


बाजारहत्नूर
१८ नोव्हेंबर १९७९

श्री. चिंतामणराव, साडूभाऊ,

रामराम.

मी पत्र लिहिणारा माणूस नाई. बायको म्हणते लिवा, म्हणून लिहून राह्यलो.

तुमचा आकडा घेतला. वनमाला घड्याळ धरून बसली, मी लंगडी मोजली. सदतीस. वायर लावली, पाव फेरा उतरवला. दिवा लावला तं खूण दोन बोटं मागं निघाली. तुमी म्हणले ते खरं होतं, ठिणगी उशिराच पडून राह्यली होती. डिस्ट्रिब्यूटर फिरवून जुळवलं. काल इच्चोड्याचा चढ तिसऱ्या गिअरात चढली. पाणी थंड. वरून परत खाली येऊन पुन्हा चढवली, उगाच.

तुमचा दिवा चांगला हाय. पुसून ठेवला.

आता गाडीचं कारण उरलं नाई. पण पत्रिकेवर कुसुमबाईचं अक्षर हाय, तुमचं नाई. बाईमाणसाच्या बोलावण्यावर साडूच्या दारात जायाचं का, हे तुमीच सांगा. कार्डावर लिहून मागू नका, मी ते लिहिणार नाई.

यशवंतराव


आदिलाबाद
२२ नोव्हेंबर १९७९

प्रिय यशवंतराव,

काल संध्याकाळी मी मृदंग घेऊन बसलो आणि कुसुमला म्हटलं, समोर बस, खांबामागे नको. घड्याळ धर आणि दर पाच मिनिटांनी आकडा बोल. ती बोलत गेली. सदतीस. चाळीस. पंचेचाळीस. मी म्हटलं, तुझं घड्याळ पळतंय. ती म्हणाली, घड्याळ बाबांचं आहे. एकावन्नला मी हात थांबवला.

तेव्हा ऐका. चूक माझी होती. त्या दिवशी लय मी पळवली आणि दोष तुम्हाला दिला, तोही सगळ्यांदेखत. हे मी कार्डावर लिहीत नाही, चांगल्या कागदावर लिहितोय, हवं तर दाराला चिकटवा.

आणि खरं बोलायचं तर भांडण लयीचं नव्हतंच. मी तीस वर्षं लोकांच्या गाड्या दुरुस्त केल्या. मामंजींची ती फियाट तर माझ्याच हातून तीनदा उघडली गेली. त्यांच्यामागे ती माझ्या दारात येईल असं मी धरून चाललो होतो. त्यांनी ती तुम्हाला दिली. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "चिंतामणी, तू तिला उघडून ठेवशील. यशवंत तिला चालवील." ते माझ्या मनाला लागलं आणि अजून लागतं. त्यांच्यावर रागावता येईना, म्हणून तुमच्यावर रागावलो.

चारुलताच्या हळदीला तुम्ही या. २८ तारखेला, दुपारी बारापर्यंत. हे बोलावणं माझं आहे आणि माझ्या अक्षरात आहे.

तुमचा साडू,
चिंतामणी


कापूस बाजाराचं फाटक
बुधवार, सव्वाबारा

भाऊजी,

हा सायकलरिक्षावाला चिठ्ठी देईल, त्याला परत पाठवू नका, बसून या. आम्ही इथे कापसाच्या गाड्यांच्या रांगेत अडकलोय. गाडी बिघडलेली नाही, पेट्रोल संपलंय. हे खाली उतरायला तयार नाहीत. म्हणतात चालवत नेईन, ढकलत नाही. येताना पेट्रोल आणा. दुसऱ्या कोणाला धाडू नका, तुम्हीच या.

वनमाला


बाजारहत्नूर
४ डिसेंबर १९७९

प्रिय ताई,

घरी नीट पोचलो. चारुलता सासरी रमली का ते कळव. तिच्याशिवाय तुझं घर कसं वाटत असेल, ह्याचा विचार इथे भांडी लावतानाही येतो.

तू हळदीच्या गडबडीत होतीस, म्हणून कापूस बाजाराच्या फाटकापाशी काय झालं ते तुला कोणी सांगितलं नसणार. भाऊजी तर सांगायचे नाहीत.

पेट्रोल का संपलं ते आधी ऐक. टाकी भरून निघालो होतो. पण ह्यांना त्या सदतीसचा इतका गर्व झाला होता की गाडी बंदच करायची नाही! इच्चोड्याला चहा प्यायलो, गाडी चालू. हॉटेलवाल्याला बाहेर बोलावून ऐकवली. गुडीहत्नूरला ह्यांचे एक सोयरे भेटले, त्यांच्या ओट्यावर अर्धा तास बसलो, गाडी चालू. सोयरे म्हणाले, "बंद करा ना, काऊन जाळून राह्यले?" हे म्हणाले, "ऐकून तं घ्या, कशी चालून राह्यली!" रेल्वे फाटकावर मालगाडी जाईपर्यंत चालू. आणि ऐन आदिलाबादेत, तुझ्या घरापासून अर्ध्या मैलावर, दोन्ही बाजूंनी कापसाच्या गाड्या असताना, ती एकदा खोकली आणि थांबली.

ह्यांचा चेहरा मला बघवेना. मागचे गाडीवान ओरडत होते, तेलुगूत, हिंदीत आणि आपल्यातही. एकाने खाली उतरून ढकलतो म्हटलं, त्यालाही ह्यांनी हात जोडून नको म्हटलं. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून नुसते समोर बघत राहिले. मला वाटलं, आता हे उतरतील आणि परत बाजारहत्नूरची बस धरतील. मी मनातल्या मनात बाबांना हाक मारत होते.

मग भाऊजी दिसले. रिक्षा गर्दीत शिरेना म्हणून उतरून चालत येत होते. मुलीचा बाप, अंगावर रेशमी सदरा, कपाळाला हळद, आणि हातात पेट्रोलचा डबा. सदऱ्यावर कापूस चिकटलेला. दोन वर्षांनी समोरासमोर आले दोघं. मी पुढे वाकून बघत होते. आता कोण आधी बोलणार, कोण नमस्कार करणार, कोण रडणार!

हे काचेतून म्हणाले, "काऊन उशीर केला?"

भाऊजी म्हणाले, "टाकीचं झाकण उघडा."

बस. एवढंच. पेट्रोल ओतलं. भाऊजी ह्यांच्या शेजारी पुढे येऊन बसले, मला मागे रुखवताच्या ताटांत सरकवलं. गाडी सुरू झाली आणि लगेच दोघांचं वाजलं, चोक किती ओढायचा ह्यावरून. भाऊजी म्हणत होते अर्धा, हे म्हणत होते गरम इंजिनाला चोक लागतच नाही. तुझं दार येईपर्यंत दोघं तोंडाने आणि हातवाऱ्यांनी भांडत होते.

ताई, मी मागे पुरणाची परात मांडीवर घेऊन ढसाढसा रडत होते, आणि त्या दोघांपैकी एकानेही वळून पाहिलं नाही.

तुझी,
वनू